तापलेलं चाक

ऐंशीच्या दशकात निफाडहून नाशिकला द्राक्षं आणणाऱ्या आमच्या दोन पिकअप होत्या. दोन्ही एकदमच घेतलेल्या. रस्ता तोच, माल तेवढाच. तरी ड्रायव्हर रामदासच्या गाडीला डिझेल जास्त लागायचं. तो चोरतो, अशी माझी खात्री झाली होती. त्याला काढायचंही मी ठरवलं होतं.

एका दुपारी त्याच्याच शेजारी बसून येताना चांदोरीजवळ टायर बसलं. तिथला म्हातारा पंक्चरवाला जॅक लावण्याआधी गाडीभोवती फिरला. प्रत्येक चाकाला त्याने पालथा हात लावून पाहिला. मागच्या एका चाकाशी हात झटकन मागे घेतला.

"शेठ, ही ॲव्हरेज देत नसंल."

"कसं ओळखलंत?"

"ब्रेक चिकटलाय. इंजिन पुढं ओढतंय, ब्रेक मागं. डिझेल त्याच्यातच जातंय."

"मला वाटलं, कोणीतरी चोरतंय," मी बोलून गेलो. रामदासने चमकून माझ्याकडे पाहिलं.

म्हातारा पाना शोधत म्हणाला, "माणूस लगेच सापडतो, शेठ. चाकासाठी वाकावं लागतं."

पुढच्या रस्त्यात मी रामदासची माफी मागितली. त्याने गिअर बदलला. मग म्हणाला, "आधी ब्रेक करून घेऊ."