अकोट्याच्या पुलावरची बादली

बडोद्याच्या स्टेशनावर उतरलो तेव्हा आभाळ गच्च भरलं होतं आणि माझी भाची शाल्मली ते बघून खूश होती. "मामा, चालो, लवकर बसा. बरसाद (पाऊस) आपल्यासाठी थांबणार नाही," म्हणत तिनं मला स्कूटरवर बसवलं. पाहुण्याला साधा चहासुद्धा नाही!

जाता जाता तिनं सगळं सांगितलं. रस्त्यावर टायर झिजतात, त्यांचा बारीक भुगा पावसाबरोबर नदीत जातो. रबराला चिरा पडू नयेत म्हणून घातलेल्या रसायनाचं हवेतल्या ओझोनमुळे विष होतं. परदेशात एका जातीचे मासे त्यानं मरतात. "आपल्या विश्वामित्री नदीत ते आहे का, एवढंच मला बघायचंय. पण प्रबंध यंदा द्यायचाय आणि पावसाळा तर संपत आला." मी निवृत्त माणूस, पुण्याहून आरामाला आलेलो, पण आता मलाही राहवेना.

अकोट्याच्या पुलावर पोचलो आणि सर आली. रस्त्याचं काळपट पाणी एका पाइपातून नदीकडे पडत होतं. स्टीलची बादली सुती दोरीनं त्याखाली सोडायची, पाणी काचेच्या बाटल्यांत भरायचं. प्लास्टिक चालत नाही, असं तिनं बजावलं होतं. ती छत्रीखाली बाटल्यांवर चिठ्ठ्या लिहीत होती, तोच माझ्या हातातल्या बादलीची कडी एका कानातून निसटली.

मी समोरच्या पंक्चरवाल्याकडे धावलो. त्यानं जुन्या ट्यूबची पट्टी कापून दिली. "काका, आ लई जाओ, तूटशे नहीं!" (हे घेऊन जा, तुटणार नाही!) दुनियेतली निम्मी मोडतोड आपण अशा पट्टीनंच सांधतो. मी कडी करकचून बांधली, पुलाचं पाणी भरलं आणि स्वतःवरच खूश झालो.

तुलनेसाठी वाहनांपासून दूरचं पाणीही हवं होतं. म्हणून तिच्या मैत्रिणीची गाडी घेऊन डभोई गावाच्या पुढे, शेतातल्या एका घराच्या गच्चीवर गेलो. शाल्मलीनं पावसाच्या घाईत बादली आतून शुद्ध पाण्यानं विसळली आणि मी ती पावसात ठेवली. भोवती तुरीची शेतं होती. घरच्या काकींनी गरम भाकरी आणि वांग्याचं शाक (भाजी) वाढलं, तेव्हा कुठे मला प्रवास सुरू झाल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी जुन्या शहरात लहरीपुऱ्याजवळ घाम फुटेल अशी तिखट शेव-उसळ खाऊन आम्ही प्रयोगशाळेत गेलो. यंत्रावरचा आलेख बघून शाल्मली उठून उभीच राहिली. "मामा, गच्चीच्या पाण्यातही आहे! म्हणजे ते हवेतून इतक्या दूर जातं! सरांना फोन करते."

तिचा चेहरा इतका फुलला होता की मलाही भरून आलं. तेवढ्यात कोपऱ्यातल्या बादलीकडे माझं लक्ष गेलं. पट्टीचं एक टोक आत लोंबत होतं. पुलाचं आणि गच्चीचं, दोन्ही पाणी तिच्यावरूनच बादलीत उतरलं होतं. गप्प बसलो असतो तर कुणाला कळणारही नव्हतं.

"शाल्मली, फोन नको करूस. ही पट्टी मी बांधली. ट्यूबची आहे."

तिनं वाकून पाहिलं. "मामा... रबर?" आणि ती स्टुलावर बसली. "दोन्ही नमुने गेले."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती उठली, पट्टी सोडली, शुद्ध पाण्यात भिजत घातली. संध्याकाळी त्या पाण्यातही तेच सापडलं. "मी सरांना केवढी थाप मारणार होते! बरं केलंत, बोललात ते." मग तिनं पट्टी काचेच्या बाटलीत घालून वर चिठ्ठी लावली: "मामा". आता तिथली मुलं नमुने घ्यायला निघण्यापूर्वी सामानात कुठे रबराचा 'मामा' नाही ना, ते बघतात म्हणे.

पुण्याला परतल्यावर मी रोज बडोद्याचं हवामान बघत होतो. आठ दिवसांनी तिचा निरोप आला: "पाऊस पडला. बादली नवी घेतली. गच्चीच्या पाण्यात काही नाही. पुलाच्या पाण्यात आहे."

मी आनंदानं बायकोला हाक मारली, "अगं, सापडलं!" ती स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिला सांगायला लागलो, "नदीत विष जातंय..." आणि काय सापडलंय ते मला आत्ता कुठे कळलं.