शनिवारी चार वाजता

ही गोष्ट मी आजवर टाळली. शाळेच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी लेख मागितला, तेव्हाही स्नेहसंमेलनावर दोन पानं लिहून मोकळा झालो.

घाटकोपरला डोंगराच्या पायथ्याशी आमची शाळा. मी गणित शिकवायचो. विज्ञानाच्या बाई माझ्याहून आठ वर्षांनी धाकट्या. ऐंशी सालानंतर कधीतरी शिक्षकांना वर्षभर अमेरिकेतल्या शाळेत शिकवायला पाठवायची एक योजना निघाली. अर्ज दोघांनी केले. गेल्या त्या.

त्या परतल्यावर शिक्षकखोलीत रोज तिकडच्याच शाळेच्या गोष्टी. मुलांना आणायला पिवळ्या बस, प्रत्येकाला कुलपाचं कपाट, शाळेची मॅच बघायला अख्खी वस्ती.

"बाई, तिकडचा खडू काय गोड लागतो का हो?" मी विचारायचो.

"चाखून बघितला नाही सर, पण बोटाला कमी लागतो," त्या म्हणायच्या. सगळे हसत. त्या कपाटांच्या रांगेसमोर मी स्वतःला किती वेळा उभं करून पाहिलं होतं!

तिथली एक पद्धत त्यांना इथे आणायची होती. एक दिवस पालकांनी शाळेत यायचं, आपल्या मुलाच्या बाकावर बसायचं, मुलाच्या वेळापत्रकाप्रमाणे दहा-दहा मिनिटांचे तास करायचे. मुख्याध्यापकांनी नाखुशीनेच परवानगी दिली. बाई मुलुंडला राहायच्या. त्यांनी मला विचारलं, "सर, तुम्ही इथलेच. वस्तीतल्या आयांना कोणती वेळ सोयीची?"

"शनिवारी चार," मी म्हणालो. "सगळ्या मोकळ्या असतात."

डोंगरावरच्या नळांना चार ते साडेपाच पाणी यायचं. खाली आमच्या चाळीतही तेव्हाच. माझी बायको रोज हंडे घेऊन रांगेत असायची. ती वेळ चुकली की दुसऱ्या दिवसापर्यंत घर कोरडं. हे मला पक्कं ठाऊक होतं.

त्या शनिवारी एक आजोबा आले. नातवाच्या बाकावर गुडघे अडकवून बसले. बाईंनी त्यांच्या एकट्यासाठी पानाचे भाग रंगीत खडूंनी काढून समजावले. शिपायाने दहा मिनिटांनी घंटाही दिली. बाकी वर्ग रिकामे.

"अमेरिका करायला निघाल्या होत्या," सोमवारी मुख्याध्यापक सगळ्यांसमोर म्हणाले. "अहो, या लोकांना पोरांचं काही पडलेलं नाही." बाई खाली मान घालून वह्या तपासत राहिल्या. मला बरं वाटलं. नळावरच्या बायांमध्ये माझीही बायको होती, तरी गप्प बसलो.

त्यानंतर बाईंनी पालकांना कधी बोलावलं नाही. अमेरिकेचं नावही काढलं नाही.

गेल्या वर्षी धीर करून मुलुंडला गेलो. वाक्य घोकून ठेवलं होतं. बाईंनी नातीला हाक मारली, "अगं, हे आमचे सर. माझ्या त्या फसलेल्या कार्यक्रमात मला मदत करणारे हे एकटेच."

मी त्यांच्या गुडघेदुखीची चौकशी केली, चहा घेतला आणि निघालो. बाई, चारला नळाला पाणी यायचं. मला माहीत होतं. मला माफ करा, एवढंच म्हणायचं होतं.