अजून एक काढा

माझे काका फोटोग्राफर. गल्लीच्या टोकाला, इस्त्रीवाल्याच्या वरच्या मजल्यावर त्यांचा स्टुडिओ. सगळे त्यांना 'एकच' म्हणतात, कारण ते माणसाचा एकच फोटो काढतात. खुर्चीत बसवायचं, हनुवटी दोन बोटांनी वर करायची, श्वास सोडायला सांगायचं आणि खट्. "ज्याला दुसरा काढावा लागतो, त्याने पहिल्यांदा नीट बघितलेलं नसतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी फटकळ आहे, खोटं बोलणं मला जमत नाही, म्हणून सांगते: हा निव्वळ ताठा होता. पण चाळीस वर्षं तो त्यांना शोभला.

सवलत एवढीच, की रोलमधली छत्तिसावी, म्हणजे शेवटची फ्रेम ते राखून ठेवत. एखादं गिऱ्हाईक जिन्यापर्यंत जाऊन परत येतं, "अहो, कॉलर दुमडलेली राहिली" म्हणतं. त्याच्यासाठी ती हाताशी असावी. कुणी परत आलं नाही, तर ती कोरीच धुतली जायची.

काकू जन्मभर त्यांच्या शेजारी दिवा धरून उभी राहिली. फोटोत मात्र कुठेच नाही, लग्नातले सोडले तर. गेल्या वर्षी एका दुपारी स्टुडिओत कुणी नव्हतं, तेव्हा ती आपणहून खुर्चीत जाऊन बसली. "माझा काढा की एक," म्हणाली. काकांनी काढला. मी तिथेच मागच्या पडद्याच्या घड्या घालत होते.

"अहो, डोळे मिटले माझे. अजून एक काढा."

"रोल संपला," काका म्हणाले. "उद्या काढू."

ती हसली आणि दिव्याची काच पुसायला लागली. त्याच आठवड्यात ती झोपेत गेली.

मग काकांनी तो रोल धुतला. पस्तिसाव्या फ्रेमवर काकू, डोळे मिटून. शेजारी छत्तिसावी, कोरी करकरीत. रोल संपलेला नव्हताच. परक्या माणसासाठी राखलेली फ्रेम त्यांनी तिला नाकारली होती, आणि हे त्यांना तेव्हाही माहीत होतं.

पस्तिसावा फोटो मोठा करून त्यांनी भिंतीवर लावला. त्यानंतर त्यांचं बोट बटणावर जाऊन अडायला लागलं. माणसं हनुवटी वर करून बसायची, मान अवघडायची, खट् काही व्हायचं नाही.

"काका, काय चाललंय तुमचं?" मी एकदा चिडलेच. "फोटो काढा, नाहीतर दुकानाला कुलूप लावा."

"बटणावर बोट गेलं की ती बोलते गं," ते म्हणाले. "अजून एक काढा म्हणते."

थोड्या वेळाने त्यांनीच तोड काढली: एक छोटा डिजिटल कॅमेरा घ्यायचा, आधी त्यात काढून डोळे उघडे आहेत का बघायचं, मग फिल्मवर काढायचा.

कॅमेऱ्यांच्या दुकानातल्या बाईंनी काउंटरवर सात-आठ कॅमेरे मांडले. काकांनी प्रत्येकाला नावं ठेवली. याला डोळा लावायला खिडकीच नाही. हा बटण दाबल्यावर विचार करतो, तोवर माणूस घरी पोचेल. तो बरा आहे, पण साबणाच्या वडीसारखा हातातून निसटतो.

"यात किती फोटो मावतात?"

"हजारो, काका. हवे तेवढे काढा."

"म्हणजे संपला असं सांगायची सोयच नाही," काका म्हणाले. बाई हसल्या. मला हसू आलं नाही.

शेवटी बाईंनी एक जुन्या पद्धतीचा, खिडकीवाला कॅमेरा काढला आणि माझ्यावर रोखून बटण दाबलं. नेमके तेव्हाच माझे डोळे मिटले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर माझ्या तोंडाभोवती चौकट आली आणि खाली अक्षरं उमटली: 'कुणीतरी डोळे मिटले का?'

काकांनी काउंटरची कड धरली. "हाच द्या," ते म्हणाले.

त्यानंतर दोन महिने सगळं सुरळीत चाललं. आधी छोटा कॅमेरा, मग फिल्म, मग खट्. मला वाटलं, सुटलो एकदाचे. मग एका सकाळी मी जिना चढून गेले, तर काका भिंतीसमोर उभे. काकूच्या फोटोवर छोटा कॅमेरा रोखलेला. तिच्या तोंडाभोवती चौकट, खाली तीच अक्षरं. त्यांनी परत काढला. परत तीच अक्षरं.

"किती काढलेत?" मी विचारलं.

"रोज काढतो. हा रोज विचारतो."

मी कॅमेरा हिसकावून घेतला. आत काकू, काकू, काकू. चारशेच्या वर, एकीचेही डोळे उघडे नाहीत.

"यात काढून उपयोग नाही," काका शांतपणे म्हणाले. "तिने फिल्मवरचा मागितला होता."

फिल्मच्या कॅमेऱ्यात पस्तीस फोटो झाले होते. त्यांनी तसबीर उतरवून खुर्चीत ठेवली. मला दिवा धरायला लावला, काकू धरायची त्याच जागी. तसबिरीची खालची कड दोन बोटांनी जरा वर केली.

"श्वास सोड," म्हणाले. आणि खट्.

तासाभराने ते डार्करूममधून ओली निगेटिव्ह घेऊन खिडकीशी आले. निगेटिव्हमध्ये पांढरं काळं दिसतं आणि काळं पांढरं. नवख्याला डोळा उघडा की मिटलेला, कळत नाही; प्रिंटवर कुणालाही कळतं. काका नवखे नाहीत. अंगठ्याएवढ्या निगेटिव्हवरून त्यांना माणसाचा ताप कळायचा.

त्यांनी छत्तिसावी फ्रेम माझ्यासमोर धरली.

"बघ. उघडे आहेत ना?"

मीही याच स्टुडिओत वाढले आहे. मला स्पष्ट दिसत होतं. पापण्या मिटलेल्या होत्या.

"हो काका," मी म्हणाले. "उघडे आहेत."

त्यांनी निगेटिव्ह सोडून माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी निगेटिव्ह वाळत घातली, छोटा कॅमेरा बंद केला आणि खणात ठेवला.

"मग प्रिंट नको काढूया," ते म्हणाले.