चुके गुरुजी आणि साहेबांची वेलांटी

तालुक्याहून आलेल्या साहेबांना पोरांनी दोन्ही हातांना धरून शाळेतल्या माझ्या खिचडीच्या चुलीपाशी आणलं, रिकाम्या पोत्यावर बसवलं आणि माझी नात सुमी म्हणाली, "आजी, ह्यांना तांदूळ दे निवडायला. चूक केली ह्यांनी." साहेब आमची शाळा ठेवायची की बंद करायची, हे ठरवायला आले होते. मागे दारात गुरुजी उभे होते, तोंड खडूसारखं पांढरं. मी मनात म्हटलं, गेली शाळा.

हे सगळं गुरुजींनीच लावून ठेवलेलं होतं. त्यांचं खरं आडनाव गावात कुणाला आठवत नाही. चुके गुरुजी म्हणूनच सगळे ओळखत. एकदा लग्नपत्रिकाही "श्री. चुके सर, सहकुटुंब" अशी आली. रोज सकाळी फळ्यापाशी उभे राहून ते सांगायचे, "आज माझी एक चूक हाय. धरा." मग दिवसभरात कधीतरी सात पाचे छत्तीस करायचे, नाहीतर गोदावरी उलटी वाहवायचे. ज्यानं चूक धरली त्यानं त्या दिवशी घंटा वाजवायची. ज्याची चूक झाली त्यानं माझ्यापाशी येऊन खिचडीचे तांदूळ निवडायचे. नियम सगळ्यांना सारखा.

निवडायचं काम त्यांना अजिबात येत नव्हतं. मी सांगायची, "गुरुजी, तुमी खडा ठेवायलाव आन तांदूळ फेकायलाव." ते म्हणायचे, "मावशी, मग शिकवा की." मी शिकवलं. वर्षभरात थोडंफार जमलं. तल्लख माणूस नव्हता तो या बाबतीत.

कधी कधी ते चूक करतच नसत. पोरं डोळे ताणून बसायची, प्रत्येक बेरीज तीनतीनदा करून बघायची. संध्याकाळी गुरुजी सांगायचे, "आज केलीच न्हाई." पोरं वर्ग डोक्यावर घ्यायची. एकदा एका दिवसात दोन चुका सापडल्या. एक ठरवून केलेली, दुसरी खरीच. गुरुजी लालबुंद झाले आणि दोन दिवस तांदूळ निवडत बसले.

आमच्या गावातली निम्मी घरं ऊसतोडीला जातात. टोळी निघाली की पोरंही ट्रॅक्टरवर चढतात आणि शाळा ओस पडते. आधीचे मास्तर आईबापांच्या हातापाया पडायचे. गुरुजी आईबापांशी बोलतच नसत. ट्रॅक्टरपाशी जाऊन पोराला हळूच म्हणायचे, "उद्या मी लय मोठी चूक करणार हाय. पण तू तर चाललास." एवढं बोलून निघून जायचे. लबाड माणूस!

सुमी अशीच चालत्या ट्रॅक्टरवरून उतरली. बोचकं खाली टाकलं आणि मागं उडी मारली. मुकादम ओरडायलाय, माझा पोरगा ओरडायलाय, सून रडायलीय. सुमी म्हणते, "मी आजीपाशी राहते. उद्याची चूक मंगल्या धरील, मग?" माझा पोरगा मलाच म्हणाला, "माय, ह्या मास्तरनं काय करणी केली काय?" मी म्हटलं, "केली. जा तू."

त्यानंतर आठवडाभरातच साहेब आले. पट वीस होता. विसाच्या खाली एक जरी पोर गेलं तर शाळा ओढ्यापलीकडच्या गावाला जोडायची, असं ठरत होतं. पावसाळ्यात तो ओढा मोठी माणसं ओलांडत नाहीत, पोरी कुठून जाणार? टोळ्या गेल्यावर निम्मी शाळा रिकामी असेल, या हिशोबानं साहेब आले. बघतात तर वीसच्या वीस बसलेली. त्यांनी तीनदा मोजलं. मग स्वतः खडू घेऊन फळ्यावर लिहिलं: विद्यार्थी ११, विद्यार्थीनी ९.

"चूक! चूक!" सुमी बाकावर चढली.

साहेब म्हणाले, "अगं, बरोबर आहे. थीला दुसरी वेलांटी."

"विद्यार्थी असला तर दुसरी. पोरगी आली की पहिली होते, सायब. चला."

आणि साहेब पोत्यावर आले.

मी सूप पुढं केलं. दुसरं काय करणार? साहेब म्हणाले, "हे रोज असतं?"

"रोजच. नवीन माणसाला मी अर्धं सूप देते. गुरुजींना भरून."

त्यांनी चष्मा वर केला आणि निवडायला लागले. थोड्या वेळानं एकदम ओरडले, "सापडला!" हरभऱ्याएवढा खडा होता. पोरांनी टाळ्या पिटल्या. साहेबांना चेव आला, त्यांनी उरलेलं अर्धं सूपही मागून घेतलं. गुरुजींपेक्षा त्यांचा हात चांगला होता, हे मी तिथंच बोलून दाखवलं.

निवडता निवडता त्यांनी विचारलं, "ऊसतोडीच्या घरची कोण कोण?" अकरा हात वर झाले. "आईबापासोबत का गेला नाहीत?"

मंगल्या म्हणाला, "गेलो असतो तर तुमची चूक हुकली असती की सायब."

साहेब इतके हसले की सूप कलंडलं. ते तांदूळ परत सगळ्यांनी मिळून गोळा केले, गुरुजींनीसुद्धा. त्यांच्या तोंडावर आता कुठं रंग आला होता.

जेवून झाल्यावर साहेबांनी शेरा लिहिला. मी वाकून वाचला: शाळा सुरु ठेवावी. 'सुरू'चा रू त्यांनी ऱ्हस्व काढला होता. गुरुजींनी बघितलं आणि छताकडे मान केली. सुमीनं बघितलं आणि तोंड उघडलं. मी तिच्या तोंडात गुळाचा खडा कोंबला.

पुढं दोन वर्षांनी गुरुजींची बदली चुडाव्याकडे झाली. निरोपाचं भाषण ठरलं होतं, पण पोरं आधीच सामानाच्या टेम्पोत जाऊन बसली होती. त्यांना एकेक करून खाली उतरवण्यातच दुपार गेली.

शाळा चालू आहे. खिचडी अजून मीच शिजवते. मी चौथी शिकलेली आहे, आणि त्या दिवशी चुलीपाशी मीच होते, म्हणून हे सांगतेय.