फळीवरची हळद

मंगळवारी आमच्या घराचं मीटर बदललं. पत्नी जाऊन तेव्हा वर्ष व्हायचं होतं.

दर दसऱ्याला ती घरातल्या राबणाऱ्या वस्तूंना हळदकुंकू लावायची. विळा, शिलाई मशीन, मोटारीचा स्टार्टर आणि शेवटी पडवीतलं विजेचं मीटर. स्टुलावर चढून ती ओल्या हळदीची बोटं वरून खाली ओढायची. मीटरवर सुरू झालेली बोटं, ते ज्या लाकडी फळीवर ठोकलं होतं, तिच्या खालच्या भागात संपायची. मी एकदा पुस्तकातून डोकं वर काढून विचारलं होतं, "मीटरले कायले?"

"थेबी राबते ना रातदिवस. तुमच्यासारखं पुस्तक घेऊन बसत नाही."

शेवटच्या दसऱ्याची बोटं तशीच होती. उन्हाळ्यात मुलगा पडवी रंगवू म्हणाला, मी नको म्हटलं.

त्या मंगळवारी मी मंगरूळपीरला गेलो होतो. परत आलो तर स्मार्ट मीटर बसवणारा पडवीत होता आणि जुनं मीटर खाली काढून ठेवलं होतं. त्यावर हळद नव्हती. शेजारच्या वहिनींच्या हातात ओलं फडकं होतं.

"सीलपाशी काही लागलेलं दिसलं का छेडछाड केली म्हन्तात, भाऊजी. हे लोकं गल्लीत आले अन् म्या पुसून ठेवलं." मग माझ्याकडे पाहून त्या थांबल्या. "अवो माय! थे तिच्या हातचं होतं काय?"

मी हो म्हटलं.

फळीवर मात्र लाकडात मुरलेला पिवळा रंग राहिला होता. बसवणाऱ्याने नवं मीटर धरलं. ते जुन्याहून मोठं होतं. फळीवरची हळद त्याखाली झाकली जात होती.

"जरा वर बसवता का?"

"काहून? भोकं तं इथं हायेत."

वहिनीच म्हणाल्या, "बसव ना रे बापू. नवे भोकं पाडाले तुह्या बापाचं काय जाते?"

तो हसला आणि त्याने ड्रिल मशीन वर सरकवलं.

आता रीडिंग घ्यायला माणूस येत नाही. मीटर परस्पर कळवतं. दसऱ्याला वहिनी हळदीची वाटी घेऊन आल्या. नव्या मीटरला त्यांनी वरच्या बाजूला एकच बोट लावलं. फळीला हात लावला नाही.

फळीवर तिच्या बोटांची टोकं आहेत.