आतल्या टेबलावरचा फोटो

माझ्या वडिलांचा आयुष्यात एकच फोटो निघाला. तो मी काढला, आणि मीच तो बिघडवला असं सांगणारे लोक अजून भेटतात. भेटू देत.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. दुष्काळ सरला होता आणि मला अंबडला शिक्षिकेची नोकरी लागून दुसरं वर्ष चाललं होतं. शाळेतल्या एका सरांकडे पेटीसारखा कॅमेरा होता. वरून वाकून त्याच्या भिंगात बघायचं आणि श्वास रोखून खटका दाबायचा. दिवाळीच्या सुट्टीत मी तो मागून आणला. आई म्हणाली, "तुह्या बाचा एक फोटो काढ. खुर्चीवर बसलेला. उद्या माणूस गेलं तर भिंतीवर काय त्याचा पटका टांगू?" बा शेजारीच बसला होता. त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

खुर्ची आमच्या घरात नव्हती. म्हणून मी ठरवलं, बाला जालन्याला न्यायचं, मोती तलाव दाखवायचा आणि तिथल्या एखाद्या हॉटेलात चहा पिताना त्याचा फोटो काढायचा. हॉटेलच का, ते सांगायला हवं. आमचं गाव हसनाबादच्या पुढं. गावच्या हॉटेलात बाला चहा मिळायचा, पण बाहेर. बाहेरच्या भिंतीत एक कोनाडा होता आणि त्यात कान तुटलेली एक कपबशी, आमच्या लोकांसाठी. ती आपण उचलायची, वरून ओतलेला चहा लिंबाखाली उकिडवं बसून प्यायचा आणि कप आपणच विसळून परत कोनाड्यात ठेवायचा. आम्ही बौद्ध होऊन वीस वर्षं होत आली होती, कोनाड्याला त्याची खबर नव्हती.

एस.टी.तून उतरून आम्ही चालत तलावावर गेलो. बानं धुवट धोतर नेसलं होतं, पांढराशुभ्र पटका बांधला होता. काठाला चार-पाच हॉटेलं होती. एकाला नुसतं पत्र्याचं छप्पर आणि पुढं भज्यांची कढई, दोनतीन ठिकाणी बाकडी, आणि एका हॉटेलात खऱ्या लाकडी खुर्च्या. माझ्या रोलमध्ये बारा फोटो होते आणि मी पाण्याला भुलले. तलावाचेच चार काढले. बगळ्याचा काढला, तो ऐन वेळी उडाला. हॉटेलांच्या रांगेचे काढले, भजी तळणाऱ्याचा काढला. त्या भल्या माणसानं तेवढ्यापुरतं पोट आत घेतलं. बा मात्र दर वेळी मला दुसरीकडंच वळवत होता.

"त्या म्हशीचा काढ की. कशी पवून राह्यली बघ."

"बा, म्हशी काय आपल्या गावात न्हाईत?"

"म्हशी हायेत. इतकं पाणी न्हाई."

हे खरंच होतं, म्हणून म्हशीवरही एक गेला. खुर्च्यांच्या हॉटेलात शिरलो तेव्हा एकच फोटो उरला होता.

दारात बा थबकला. मी मागं वळून पाहिलं नाही, पाहिलं असतं तर तो तिथूनच परतला असता. मग त्याच्या वहाणांचा आवाज आत आला. तो थेट शेवटच्या टेबलाशी गेला, भिंतीला लागून, आणि खुर्चीच्या कडेवर टेकला. मालकानं फडकं मारत विचारलं, "काय देऊ बाबा?" एवढंच विचारलं. चहा आला, कान असलेल्या कपात.

मी भिंगात वाकले तर सगळा अंधार. सरांनी बजावलं होतं, ऊन असल्याशिवाय खटका दाबू नका, काळं येईल. बाहेर दोन टेबलं उन्हात मांडलेली होती, मागं तलाव. मी माझ्या वर्गातल्या आवाजात म्हणाले, "बा, कप घेऊन भाईर ये. जल्दी. तिथं चांगला येईल."

बानं उचललेला कप खाली ठेवला. तो रागावला असता तर मी भांडले असते, पण तो नुसता माझ्याकडं बघत राहिला.

"भाईर न्हाई," तो म्हणाला.

"अरे, बिलकुल काळा येईल! एकच उरलाय."

"येऊ दे काळा. भाईर जिंदगीभर पिलो, माय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरातली शिकलेली मी, आणि त्याला कप घेऊन बाहेर ये म्हणणारीही मीच. मी कॅमेरा समोरच्या टेबलावर टेकवला. बा आता खुर्चीत मागं सरकून ताठ बसला होता. मी खटका दाबला.

त्यानं चहा सावकाश बशीत ओतून प्यायला. उठताना सवयीनं कप हातात घेतला, पाणी कुठं दिसतंय ते पाहिलं, आणि पुन्हा टेबलावर ठेवून दिला. दारात मात्र तो थांबला. मालकानं तो कप उचलला आणि बाकीच्या कपांबरोबर एकाच बादलीत बुडवला. ते बघूनच बा निघाला.

फोटोवाला म्हणाला, अकरा बरे आलेत, शेवटचा वाया गेला, छापू नका. मी हुज्जत घालून छापून घेतला. सगळं काळं, त्यात वर पटका आणि खाली कपबशी, एवढंच पांढरं. तोंडाच्या जागी नाकाची कड तेवढी दिसत होती.

आईनं फोटो दारातल्या उजेडात धरून बराच वेळ निरखला. मी सांगून टाकलं की बाहेर ऊन होतं, पण बा आला नाही.

"कपाला कान हाय का?" तिनं विचारलं.

"हाय."

"अन् हे हॉटेलाच्या आतलं?"

"आतलंच."

"मंग बराबर आलाय," ती म्हणाली, आणि खिळा शोधायला उठली.