अल्बमवर नसलेलं नाव

माझी मुलगी व्हायोलिनच्या गजाला राळ लावते, तेव्हा त्या वासानं मला जर्मनीतल्या कार्ल्सरूहेतली एक दुपार आठवते. तिथल्या आमच्या म्हाताऱ्या घरमालकांच्या केल्टिक फोक-रॉक बँडच्या चाळीस वर्षांचा अल्बम त्या दिवशी निघणार होता. रंगमंचामागे माझ्यासमोर ते गजाला राळ लावून फिडल, म्हणजे त्यांचं व्हायोलिन, जुळवत होते, तेवढ्यात त्यांचा जुना ड्रमर आत घुसला. "माझं नाव कुठंय यावर?" म्हणत त्यानं बिअरचा जाड मग त्यांच्या तोंडावर हाणला आणि ते कोसळल्यावर लाथा घातल्या. मी त्याला कसंबसं मागे खेचलं. फरशीवर रक्त होतं, दोन दात होते. "अर्धी गाणी त्याचीच आहेत," घरमालक माझ्या कानाशी पुटपुटले. पोलिसांना मात्र त्यांनी सांगितलं, "पायरीवरून पडलो." पोलिसांनी माझ्याकडे पाहिलं. माझा व्हिसा नवा होता, खोटं बोलणं महागात पडलं असतं, तरी मी म्हणालो, "गेनाऊ, अगदी बरोबर, पायरीवरूनच." आजही कुणी विचारलं तर तेच सांगेन.